फाट्यावरचा लुकलुकता दिवा



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग नेहमीसारख्या गप्पा निघाल्या. त्या गटातली एक ताई नुकतीच स्कूटी शिकलीय. तिनं विचारलं, "मॅडम, फाट्यावर तो पिवळा दिवा रात्रंदिवस लुकलुकत असतो, तो बिघडलाय का? तिथं थांबायचं का जायचं?" झालं, जितक्या बायका तितकी उत्तरं. एकजण म्हणाली, पिवळा म्हणजे आता लाल होणार, थांबायचं. दुसरी म्हणाली, लुकलुकतो म्हणजे सिग्नल बंद, बिनधास्त जायचं. जिचा नवरा ट्रकवर आहे ती म्हणाली, "आमचे हे म्हणतात तिथं नुसता हॉर्न दाबायचा." आणि एक मावशी म्हणाल्या, "मला तर वाटलं तो दिवा आपल्यासाठी आहे. म्हणजे गाड्या थांबतील आणि आपण रस्ता ओलांडायचा."

मावशींचं उत्तर ऐकून बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला आपली किती गावं आहेत! रोज कुणी दुधाची किटली घेऊन, कुणी लेकराला घेऊन, कुणी बाजाराची पिशवी डोक्यावर घेऊन तो रस्ता ओलांडते. गाड्या थांबतील असं धरून पुढं पाऊल टाकलं आणि समोरच्या ड्रायव्हरला तो दिवा म्हणजे "बिनधास्त जा" वाटला, तर काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून आज या दिव्याबद्दलच बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. लुकलुकणारा दिवा बिघडलेला नसतो. तो मुद्दाम तसा लावलेला असतो. आपल्या फाट्यावर खांबाला जो असतो, त्याच्या डोक्यावर एक छोटी सौर पाटी असते. दिवसा उन्हावर बॅटरी चार्ज होते आणि रात्री त्यावर दिवा चालतो, वीज गेली तरी. त्याला लोक ब्लिंकर म्हणतात. तो कधीच लाल होणार नाही आणि हिरवाही होणार नाही. त्याच्यासमोर वाट बघत उभं राहिलं तर उभंच राहावं लागेल. शहरात, म्हणजे सोलापुरात वगैरे, तीन दिव्यांचे सिग्नल असतात. रात्री उशिरा वर्दळ कमी झाली की त्यातले काही लुकलुकत्या दिव्यावर टाकतात, कारण रिकाम्या चौकात मिनिटभर लाल दिव्यासमोर उभं राहण्यात अर्थ नसतो.

आता पिवळ्याचं. लुकलुकणारा पिवळा दिवा गाडीवाल्याला सांगतो: वेग कमी कर, दोन्हीकडं बघ, गरज पडली तर थांबायच्या तयारीत राहा आणि मग सांभाळून पुढं जा. पूर्ण थांबलंच पाहिजे असं तो म्हणत नाही. पण "तुझा रस्ता मोकळा आहे" असंही म्हणत नाही. हा दिवा कुणालाच हक्क देत नाही. हिरव्या दिव्यात हक्क असतो. तुला हिरवा असेल तर आडव्या रस्त्याला लाल असतो. लुकलुकत्या पिवळ्यामागं असं कुणालाही थांबवून ठेवलेलं नसतं.

स्थिर पिवळा मात्र वेगळा. हिरव्यानंतर जो दोन-चार सेकंद न लुकलुकता लागतो, त्याचा अर्थ लाल येतोय, रेषेच्या अलीकडं थांबा. रेषा ओलांडून चौकात शिरलाच असाल तर मध्येच थांबू नका, पुढं निघून जा. आपल्याकडं स्थिर पिवळा दिसला की उलट वेग वाढवायची पद्धत पडलीय. तीच सवय लुकलुकत्या पिवळ्यालाही लागू होते आणि घोळ होतो.

लुकलुकणाऱ्या लालबद्दल फार जणींना ठाऊक नव्हतं. तो दिसला की पूर्ण थांबायचं. हळू करून सरकत जायचं नाही. चाक थांबलं पाहिजे, स्कूटीवर असाल तर पाय जमिनीला टेकला पाहिजे. रेषा असेल तर रेषेच्या अलीकडं. मग उजवीकडं बघायचं, डावीकडं बघायचं, पुन्हा एकदा उजवीकडं बघायचं आणि मोकळं असेल तर निघायचं. हिरव्याची वाट बघायची नाही, तो येणार नाही. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न असतो: उघडझाप करणाऱ्या लाल दिव्याचा अर्थ काय? उत्तर हेच, वाहन थांबवा आणि सुरक्षित असेल तर पुढं जा. ज्या ताई परीक्षेला बसणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, म्हणजे एक मार्क पक्का.

यात एक खोच आहे. एकाच चौकात मोठ्या रस्त्याला लुकलुकता पिवळा आणि त्याला मिळणाऱ्या लहान रस्त्याला लुकलुकता लाल असू शकतो. म्हणजे तुम्ही लहान रस्त्यावरून आलात, लाल बघून थांबलात. पण समोरून आडवा जाणारा थांबणार नाही, तो फक्त हळू होईल, झाला तर. त्यामुळं "मी थांबले तसा तोही थांबेल" हे मनात धरायचं नाही. आपल्याला लाल दिसतो, त्याला काय दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

आपल्या फाट्यावर तर बऱ्याचदा लालही नसतो. गावाकडून येणाऱ्या रस्त्याला लागते ती लाल रंगाची आठ कोनांची पाटी, किंवा उलटा त्रिकोण, टोक खाली असलेला. आठ कोनांची म्हणजे पूर्ण थांबा. उलटा त्रिकोण म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या. कित्येक ठिकाणी ती पाटी बाभळीच्या फांदीआड गेलेली असते, नाहीतर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतात. पाटी दिसो न दिसो, नियम आहेच: मोठ्या रस्त्यावर येताना त्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील, सिग्नल नसेल किंवा पार बंद पडला असेल, तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. हे माझ्या मनाचं नाही, वाहन चालवण्याच्या सरकारी नियमांत लिहिलंय. आणि चौकात पोलीस उभा असेल तर दिव्याकडं बघायचं नाही, त्याच्या हाताकडं बघायचं. दिवा आणि पोलीस वेगवेगळं सांगत असतील तर पोलिसाचं ऐकायचं.

दंडाचंही सांगते, कारण बैठकीत तो प्रश्न हमखास येतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. लाल दिवा तोडणं आणि थांबण्याची पाटी न जुमानणं या दोन्ही गोष्टी धोकादायक वाहन चालवण्यात धरल्या गेल्या. पहिल्या वेळेला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. १,००० रुपये म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींची काही महिन्यांची बचत.

आता रस्ता ओलांडण्याचं, कारण आपल्यातल्या बहुतेकजणी गाडी चालवत नाहीत, पायी जातात. थोडं गणित करू, वहीतल्या व्याजापेक्षा सोपं आहे. चौपदरी महामार्गाची एक बाजू म्हणजे दोन लेन, ७ मीटर, आणि कडेची पट्टी धरली की ९-१० मीटर. डोक्यावर ओझं आणि हाताला लेकरू असलेली बाई सेकंदाला एक मीटर चालते असं धरा. म्हणजे अर्धा रस्ता, फक्त दुभाजकापर्यंत, ओलांडायला दहा सेकंद. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते, दहा सेकंदांत २२० मीटर. शेतातल्या विजेच्या दोन खांबांत साधारण ५० मीटर अंतर असतं. म्हणजे चार-पाच खांब लांब दिसणारी गाडी तुम्ही दुभाजकाला पोचेपर्यंत तुमच्याजवळ आलेली असते. "लांब आहे की अजून" म्हणून आपण निघतो ती हीच गाडी. अंधारात तर नुसते दोन दिवे दिसतात, त्यावरून अंतरही कळत नाही आणि वेगही कळत नाही.

म्हणून पायी जाणाऱ्यांनी पिवळ्या दिव्याचा एवढाच अर्थ घ्यायचा की इथं फाटा आहे असं ड्रायव्हरला सांगितलेलं आहे. त्यानं ऐकलं का नाही, ते गाडी हळू झालेली डोळ्यांनी बघूनच ठरवायचं. आधी दुभाजकापर्यंत जायचं, तिथं थांबायचं, दुसरी बाजू बघायची, मग पुढं. एका दमात दोन्ही बाजू ओलांडायच्या नाहीत. चार-सहाजणी असाल तर एकत्र ओलांडा, एक पुढं पळाली आणि बाकीच्या मागं राहिल्या असं नको. मागं राहिलेली मग घाईनं, न बघता धावते.

गाडीवाल्यांसाठी हेच गणित उलटं करून बघा. ताशी ६० ला असताना समोर काही दिसलं, तर कळून ब्रेकवर पाय जायलाच एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढं गेलेली असते. ब्रेक लागून थांबेपर्यंत सगळे मिळून ३५-४० मीटर होतात, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर. ताशी ३० ला हेच अंतर १३-१४ मीटरवर येतं, कारण वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौथाईवर येतं. पिवळ्या दिव्याजवळ वेग कमी करायला का सांगतात, तर यासाठी. पावसात रस्ता ओला असतो तेव्हा, आणि ऊस पडून त्याचा चिखल झालेल्या जागी, या अंतरात आणखी भर पडते.

उसाचं निघालंच म्हणून सांगते. हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडं जातो. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, वर ऊस बाहेर आलेला असतो. ती फाट्यावर वळायला लागली की अख्खा रस्ता अडवते आणि लवकर थांबूही शकत नाही. लुकलुकता दिवा दिसला की पुढं अशी ट्रॉली असेल असं धरूनच हळू व्हा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आहे त्या ताईंनी मागच्या बाजूला लाल रेडियमच्या पट्ट्या लावून घ्या. पट्ट्यांवर चिखल बसला तर फडक्यानं पुसायचं काम तेवढं नवऱ्याच्या मागं लागून करून घ्या.

दिव्याच्या लुकलुकण्यावरून आणखी दोन गैरसमज आहेत. एक, समोरचा ट्रकवाला हेडलाइट उघडझाप करतो तेव्हा काहीजणी समजतात की तो आपल्याला "जा" म्हणतोय. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलटा असतो: मी येतोय, तू थांब. म्हणून हेडलाइट उघडझाप झाली की थांबायचं, मनातला अर्थ लावत बसायचं नाही. दुसरा गैरसमज गाडीवाल्यांचा आहे. चौकात सरळ जायचं असलं की काहीजण चारही इंडिकेटर एकदम लावतात. ते दिवे गाडी बंद पडली, रस्त्यात उभी राहिली, तर मागच्यांना सांगण्यासाठी असतात. सरळ जायला कुठलाच इंडिकेटर लागत नाही. चारही लावले आणि बाजूनं येणाऱ्याला एकाच बाजूचा दिसला, तर त्याला वाटतं ही गाडी वळणार. तो निघतो आणि हा सरळ येतो. माझ्या मते फाट्यांवर हे फार वाईट आहे, आणि करणाऱ्यांना वाटतं आपण काळजी घेतोय.

रेल्वे गेटाचं वेगळं आहे, ते यात मिसळू नका. कुर्डुवाडीकडं जाणाऱ्यांना गेट ठाऊक आहेच. गेटाजवळ लाल दिवा लागला, मग तो लुकलुकता असो की स्थिर, तर "थांबा, बघा, जा" हा नियम चालत नाही. तिथं गेट पूर्ण वर जाईपर्यंत थांबायचंच. एक गाडी गेली म्हणून दुसऱ्या रुळावरून दुसरी येत नसेल असं नाही. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनराखणीची गेटं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद करून झाली. तरी कुठं तसा रूळ ओलांडायची वेळ आली, तर कायद्यात साफ सांगितलंय: ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, सोबतच्या माणसानं उतरून चालत रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडं बघायचं आणि मग गाडी पुढं घ्यायची. सोबत कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं.

आता वडापचं. दहाजणांच्या जीपमध्ये पंधराजण, त्यात आपण बायका मागं दाटीवाटीनं. ड्रायव्हर फाट्यावर पिवळा दिवा बघून हळू होत नाही, हे आपल्याला दिसतं आणि आपण गप्प बसतो. का, तर रोज त्याच्याच गाडीनं जायचंय, वाईट कशाला व्हा. एका गटानं यावर चांगला मार्ग काढला. त्या रोज त्याच गाडीनं बाजाराला जातात. त्यांनी ठरवलं की एकीनं बोलायचं नाही, दोघी-तिघींनी एकदम म्हणायचं, "दादा, पुढं पिवळा दिवा आहे, जरा सावकाश घ्या." भांडणाच्या सुरात नाही, घरातल्या भावाला सांगावं तसं. पहिल्या दिवशी तो हसला, दुसऱ्या दिवशी चिडला, आणि आता तो स्वतःच म्हणतो, "सांगायच्या आत हळू केली बघा." हे सगळीकडं असंच होईल असं मी म्हणत नाही. काही ड्रायव्हर ऐकणार नाहीत. पण पैसे आपण देतो, हे आपल्याही लक्षात असावं.

शेवटचं काम बंद पडलेल्या दिव्यांचं. सौर दिव्याची बॅटरी काही वर्षांनी संपते, पाटीवर धूळ बसते, कधी वाहनाच्या धडकेनं खांबच वाकतो. मग दिवा हळूहळू मंद होतो आणि एक दिवस लागतच नाही. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटा पाठ असतो, पण रात्री बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला कळत नाही की इथं गाव आहे. आपल्या भागातला दिवा बंद असेल तर आपणच सांगायला हवं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या नंबरवर चोवीस तास तक्रार घेतात. जवळचा किलोमीटरचा दगड बघून त्यावरचा आकडा सांगा, म्हणजे जागा सापडते. अपघात झालेला दिसला तरी हाच नंबर चालतो, शिवाय १०८ आहेच. राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा.

दिवाच नसेल आणि हवा असेल, तर विषय ग्रामसभेत मांडा आणि ठराव करून घ्या. महिला सभेत आधी मांडला तर आणखी बरं. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. अर्जात फार लांबण लावू नका. फाट्याचं नाव, रस्त्याचं नाव, जवळच्या दगडावरचा आकडा, किती वाड्या-वस्त्यांची माणसं तिथं ओलांडतात, शाळेची मुलं किती, आणि तिथं आधी अपघात झाले असतील तर महिना आणि वर्ष. एवढं पुरे. दिव्यासोबत गावाच्या रस्त्यावर गतिरोधक आणि थांबण्याची पाटीही मागा, कारण नुसत्या पिवळ्या दिव्यानं आपल्या बाजूनं येणारी मोटारसायकल थांबत नाही. फांदीआड गेलेली पाटी दिसली तर त्यासाठी मात्र अर्जाची वाट बघू नका, पंचायतीच्या शिपायाला सांगा आणि फांदी छाटून घ्या.

ज्या गटांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी आपल्या अध्यक्षताईंकडून निरोप द्या, मी पुढच्या बैठकीला घेऊन येईन. अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, आणि ती गटाच्या फाइलला लावा. पुढच्या आठवड्यात याच वेळी आपल्या पशुसखी ताई शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलणार आहेत. नमस्कार.